प्रयोगाचा बोर्ड आणि विक्रीचे यंत्र

वाचकाचे पत्र

मी गरम हवेने माल वाळवणाऱ्या कपाटांसाठी तापमान नियंत्रक तयार करतो. पेटीत आर्डुइनो युनो जातीचा, प्रोग्रॅम भरता येणारा छोटा बोर्ड, बाजारात तयार मिळणारे रिले मॉड्यूल (विजेने चालणारा छोटा स्विच), तापमान मोजणारे दोन डीएस१८बी२० सेन्सर आणि दोन ओळींचा डिस्प्ले असतो. रिले कॉन्टॅक्टर, म्हणजे मोठ्या भाराचा तसाच स्विच, ओढतो आणि कॉन्टॅक्टर हीटर चालू करतो. तापमान बहुधा ६५ ते ७० अंश सेल्सिअस ठेवावे लागते आणि पंख्याची दिशा दर २० मिनिटांनी बदलते. दीड वर्षात असे १२ नियंत्रक विकले. दोन ठिकाणी डिस्प्लेवर मधूनच विचित्र अक्षरे उमटतात. एक कपाट रात्रंदिवस चालते. तिथे दीड-दोन महिन्यांतून एकदा पंख्याचा रिले काही मिनिटे सारखा खटखटतो आणि आपोआप थांबतो. मी पोहोचेपर्यंत सगळे सुरळीत असते. आता एका यंत्रनिर्मात्याने १५० नगांची विचारणा केली आहे, पण त्यांच्या अभियंत्याने पेटी उघडून पाहिली आणि ‘हा तर मुलांच्या प्रयोगाचा बोर्ड आहे’ असे म्हटले. असा बोर्ड विक्रीच्या उत्पादनात वापरणे परवान्याच्या दृष्टीने चालते का? तांत्रिकदृष्ट्या ते चूक आहे का? पीएलसीकडे (कारखान्यांतल्या तयार औद्योगिक नियंत्रकाकडे) वळावे की स्वतःचा पीसीबी (छापील सर्किट बोर्ड) करावा?

उत्तर

सप्रेम नमस्कार.

आपल्या तिन्ही प्रश्नांची उत्तरे पुढे देतो, पण त्यांच्याही आधी एक गोष्ट विचारणे मला भाग आहे, कारण पत्रात तिचा उल्लेख कुठेच नाही. हे १२ नियंत्रक ज्या कपाटांवर बसले आहेत, त्यांत हीटरचा वीजपुरवठा स्वतंत्रपणे तोडणारा अतितापमान थर्मोस्टॅट आहे का? म्हणजे असा, की जो प्रोग्रॅमवर अजिबात अवलंबून नाही, ठरलेल्या तापमानाला यांत्रिकपणे उघडतो आणि माणसाने बटण दाबल्याशिवाय पुन्हा जुळत नाही. नसेल, तर १५० नगांचा विचार बाजूला ठेवून आधी त्या १२ ठिकाणी जा आणि तो बसवा.

एवढ्या आग्रहाने सांगण्याचे कारण आपल्या सेन्सरमध्येच आहे. डीएस१८बी२० ची तार तुटली किंवा टर्मिनलमधून निसटली, की आर्डुइनोवर प्रचलित असलेली त्याची लायब्ररी (तयार प्रोग्रॅम-संच) तापमान म्हणून उणे १२७ अंश हा आकडा परत देते. ‘सेन्सर सापडत नाही’ याची ती खूण आहे, परंतु प्रोग्रॅमने ती ओळखली नाही, तर ‘तापमान ६५ पेक्षा कमी आहे, म्हणून हीटर चालू’ असाच अर्थ लागतो आणि हीटर चालूच राहतो. याउलट सेन्सरचा पुरवठा क्षणभर तुटून परत आला, तर पहिल्या मोजणीपूर्वी तो नेमके ८५ अंश दाखवतो, कारण पुरवठा मिळताच त्याच्या स्मृतीत हाच आकडा भरलेला असतो. दोन सेन्सर बसवण्याची आपली कल्पना चांगली आहे, पण त्यांचा उपयोग एकमेकांची साक्ष काढण्यासाठी व्हायला हवा: दोघांच्या वाचनात ठरावीक अंतर पडले, किंवा एकाचेही वाचन अशक्य कोटीतले आले, तर हीटर बंद आणि इशारा चालू. ही दुरुस्ती एका संध्याकाळची आहे आणि ती आजच करण्यासारखी आहे.

मात्र निर्दोष प्रोग्रॅमदेखील कॉन्टॅक्टरचे चिकटलेले संपर्क उघडू शकत नाही. म्हणून थर्मोस्टॅटने त्याच कॉन्टॅक्टरची कॉइल तोडून भागणार नाही; हीटरच्या मार्गात दुसरा कॉन्टॅक्टर मालिकेत घालावा आणि थर्मोस्टॅटने तो सोडवावा. आणीबाणीच्या थांबा-बटणालाही हेच लागू आहे. त्याची तार मायक्रोकंट्रोलरच्या (बोर्डवरच्या, प्रोग्रॅम चालवणाऱ्या चिपच्या) पिनवर नेऊन प्रोग्रॅमने हीटर बंद करण्याची पद्धत मी अनेक पॅनेलमध्ये पाहिली आहे आणि दर वेळी ती बदलून घेण्याचा हट्ट धरला आहे. हे बटण पुरवठा थेट तोडणारे असले पाहिजे. पिनला फार तर ‘बटण दाबले गेले आहे’ एवढी बातमी द्यावी.

आता त्या अभियंत्याच्या शेऱ्याकडे वळतो. तो शेरा निम्मा बरोबर आहे आणि कुठला निम्मा, हे समजून घेण्यातच आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आहे. आर्डुइनोचा जन्म २००५ मध्ये इटलीतील इव्रेआ येथे झाला तो कलेच्या आणि डिझाइनच्या विद्यार्थ्यांना इलेक्ट्रॉनिक्स हाताळता यावे म्हणून, हे खरे आहे. पण युनोवरची एटीमेगा ३२८पी ही चिप मुलांसाठी बनलेली नाही. उणे ४० ते ८५ अंश तापमानात काम करण्याच्या हमीने ती विकली जाते आणि तिच्या भावंडांसह असंख्य साध्या उपकरणांत ती आहे. पीएलसीच्या पोटातही शेवटी एक मायक्रोकंट्रोलरच असतो. पीएलसीला पीएलसीपण येते ते त्याच्या भोवतालच्या गोष्टींनी: २४ व्होल्टचा पुरवठा सहन करणारा आणि उलट्या जोडणीने न जळणारा भाग, गोंगाट गाळून घेणारे विलग इनपुट, घट्ट आवळता येणारी टर्मिनल, पुरेसे अंतर राखलेला रिले, आणि या सगळ्यावर झालेल्या चाचण्या. पीएलसीच्या इनपुटचा दाखला घ्या. २४ व्होल्टच्या नेहमीच्या प्रकारात १५ व्होल्टच्या वर गेल्याशिवाय ‘चालू’ आणि ५ च्या खाली आल्याशिवाय ‘बंद’ खात्रीने धरले जात नाही, आणि त्यासाठी काही मिलिअँपिअर प्रवाहही वाहावा लागतो; शेजारच्या तारेतून आलेल्या किरकोळ धक्क्याने तो फसत नाही. युनोची उघडी पिन ५ व्होल्टवर चालते आणि हवेतल्या गोंगाटानेही डळमळते. प्रयोगाच्या टेबलावर ही उघडी पिन सोयीची असते, कारण तिथे काहीही कुठेही जोडून पाहायचे असते. कपाटाशेजारच्या पॅनेलमध्ये तीच सोय अंगाशी येते.

आपल्या डिस्प्लेवरची विचित्र अक्षरे हा याच गोष्टीचा पुरावा आहे. दोन ओळींचे डिस्प्ले बहुधा चार तारांनी जोडलेले असतात आणि प्रत्येक अक्षर दोन तुकड्यांत पाठवले जाते. कॉन्टॅक्टर सुटताना उडालेल्या धक्क्याने डिस्प्लेला एक तुकडा जास्तीचा आल्यासारखे वाटले, की पुढचे प्रत्येक अक्षर अर्ध्याने सरकते आणि पडद्यावर अगम्य चिन्हे दिसू लागतात. प्रोग्रॅम मात्र आत व्यवस्थित चालू असतो. दर काही मिनिटांनी डिस्प्ले नव्याने सुरू करणे हा उपाय अनेक जण सुचवतील आणि तो चालतोही, पण डिस्प्लेपर्यंत पोहोचलेला धक्का उद्या मायक्रोकंट्रोलरपर्यंतही पोहोचेल. म्हणून तो मुळाशी थोपवावा. कॉन्टॅक्टरची कॉइल एसी असेल तर तिच्या दोन टोकांवर, कॉन्टॅक्टरच्याच अंगाला, आरसी स्नबर (रोधक आणि कपॅसिटर यांची धक्का शोषणारी जोडी) लावावा. डीसी असेल तर उलटा डायोड पुरतो. सेन्सरच्या आणि डिस्प्लेच्या तारा हीटर-कॉन्टॅक्टरच्या तारांसोबत एकाच पट्टीतून नेऊ नयेत, आणि दोन्ही एकमेकांना ओलांडणारच असतील तर काटकोनात ओलांडाव्यात.

रिले मॉड्यूलची गोष्ट थोडी सविस्तर सांगण्यासारखी आहे, कारण तिथे दिसते ते आणि असते ते यांत फरक आहे. या मॉड्यूलवर ऑप्टोकपलर (तारेऐवजी प्रकाशाने संकेत पुढे देणारा भाग) असतो, त्यामुळे ‘आपला बोर्ड रिलेपासून विलग आहे’ असा समज होतो. परंतु बहुतेक मॉड्यूलवर जेडी-व्हीसीसी आणि व्हीसीसी या दोन पिना जोडणारा एक छोटा जंपर बसवलेला येतो. तो तसाच ठेवला, की रिलेची कॉइल आणि मायक्रोकंट्रोलर एकाच पुरवठ्यावर येतात आणि ऑप्टोकपलर असून नसल्यासारखा होतो. जंपर काढून कॉइलला वेगळा पुरवठा दिला आणि दोन्हींची भूमी (ग्राउंड) वेगळी राखली, तरच विलगता खरी. शिवाय स्वस्त मॉड्यूलमध्ये मुख्य विजेचा तांब्याचा पट्टा आणि कमी व्होल्टेजचा पट्टा यांच्यात पुरेसे अंतर असतेच असे नाही. ते मोजून पाहावे. रिलेवर छापलेले १० अँपिअर हे हीटरसारख्या शुद्ध रोधाच्या भारासाठी असतात. कॉइल आणि मोटर यांच्यासाठी तो आकडा धरू नये. आणखी एक बारीक गोष्ट म्हणजे ही मॉड्यूल बहुधा पिन शून्यावर गेली की रिले ओढतात. प्रोग्रॅमच्या आरंभी आपण पिनला आधी ‘आउटपुट’ ठरवले आणि मग तिच्यावर उच्च पातळी लिहिली, तर मधल्या क्षणात ती शून्यावर असते आणि रिले एकदा टक् करतो. आधी उच्च पातळी लिहून मग आउटपुट ठरवले, की हा झटका जातो.

रात्रंदिवस चालणाऱ्या कपाटातल्या खटखटीचे कारण मी पत्र वाचतानाच ओळखले, कारण तिने मलाही एकदा छळले आहे. सुरू झाल्यापासूनचे मिलिसेकंद मोजणारा आर्डुइनोचा ‘मिलिस्’ हा गणक ३२ बिटांचा असतो आणि ४९ दिवस १७ तासांनी तो भरून पुन्हा शून्यावर येतो. आपल्या प्रोग्रॅममध्ये ‘पुढची वेळ म्हणजे आत्ताची वेळ अधिक २० मिनिटे’ असे लिहून ‘आत्ताची वेळ पुढच्या वेळेपेक्षा मोठी झाली का’ असे विचारले असणार. गणक भरायला २० मिनिटांहून कमी उरली असताना ही बेरीज मर्यादेपलीकडे जाऊन एक लहानसा आकडा उरतो. आत्ताची वेळ त्याहून अर्थातच मोठी असते, म्हणून प्रोग्रॅमच्या प्रत्येक फेरीला पंख्याची दिशा बदलण्याचा हुकूम सुटतो. गणक शून्यावर आला की हिशेब पुन्हा जुळतो आणि आपण पोहोचता तेव्हा सगळे ठीक असते. सुट्टीच्या दिवशी बंद होणाऱ्या कपाटांत ही खोड कधीच दिसणार नाही. उपाय सोपा आहे: सुरुवातीची वेळ चिन्हविरहित ३२ बिटांच्या चलात जपावी आणि ‘आत्ताची वेळ वजा सुरुवातीची वेळ’ २० मिनिटांपेक्षा जास्त झाली का, असे विचारावे, वजाबाकी गणक फिरल्यानंतरही बरोबर येते. मी स्वतः एका पंपाच्या पॅनेलमध्ये या दोषापायी दोनदा रिले बदलले होते आणि दोन्ही वेळा काढून टाकलेला रिले निर्दोष निघाला. पंख्याची मोटर अशी क्षणाक्षणाला उलटसुलट फिरली तर तिचे आयुष्य घटते, तेव्हा ही दुरुस्तीही त्या थर्मोस्टॅटच्या फेरीतच उरकावी.

प्रोग्रॅमच्या बाबतीत आणखी दोन-तीन गोष्टी तपासाव्यात. आपण सेट केलेले तापमान किंवा चालू तास चिपच्या ईईप्रॉममध्ये, म्हणजे वीज गेल्यावरही टिकणाऱ्या स्मृतीत, किती वेळा लिहिता? तिची हमी १ लाख लेखनांची आहे. दर मिनिटाला एकाच जागी लिहिले, तर दिवसाला १,४४० लेखने होतात आणि ती हमी ७० दिवसांच्या आत संपते. दर तासाला लिहिले, तर तीच ११ वर्षांहून अधिक पुरते. वॉचडॉग चालू आहे का? एटीमेगात तो जास्तीत जास्त ८ सेकंदांचा मिळतो आणि अडकलेला प्रोग्रॅम नव्याने सुरू करतो, पण ‘मी चालू आहे’ असे त्याला वेळोवेळी कळवण्याचे काम टायमरच्या इंटरप्टवर (मुख्य काम मध्येच थांबवून ठरावीक वेळाने चालणाऱ्या तुकड्यावर) सोपवू नये, कारण मुख्य प्रोग्रॅम गोठलेला असतानाही इंटरप्ट चालूच राहतो आणि वॉचडॉगला सगळे कुशल वाटते. अक्षरे जोडण्यासाठी ‘स्ट्रिंग’ हा प्रकार सढळ हाताने वापरला असेल, तर फक्त २ किलोबाइट स्मृतीत काही आठवड्यांनी तुकडे पडून प्रोग्रॅम भरकटतो. ठरावीक लांबीच्या अक्षर-रांगा वापराव्यात.

वीजपुरवठ्याविषयी मात्र थांबून सांगितले पाहिजे. १६ मेगाहर्ट्झवर चालणाऱ्या एटीमेगा ३२८पी ला सुमारे ३.८ व्होल्टच्या खाली काम करण्याची हमी नाही. युनोवर मात्र व्होल्टेज घसरल्यावर चिपला रोखून धरणारी सोय कारखान्यातून २.७ व्होल्टवर ठेवलेली असते. म्हणजे ३.८ आणि २.७ यांच्या दरम्यान चिप थांबत नाही आणि बरोबर चालेल याची शाश्वतीही नसते. याच पट्ट्यात चुकीची आज्ञा पाळली जाऊ शकते आणि ईईप्रॉममधला मजकूर बिघडू शकतो. ही सोय ४.३ व्होल्टवर ठेवणे हे फ्यूज-बिट (चिपची मांडणी ठरवणारे बिट) बदलण्याचे काम आहे, त्याला एकही सुटा भाग लागत नाही, आणि मला ते सगळ्यात कमी श्रमाचे आणि सगळ्यात दुर्लक्षित काम वाटते. बोर्डवरच्या रेग्युलेटरवरही विसंबू नये. बाहेरच्या जोडणीवर ७ ते १२ व्होल्ट द्यावेत अशी युनोची शिफारस आहे. औद्योगिक पॅनेलमधले २४ व्होल्ट तिथे थेट द्यायचे नाहीत. १२ व्होल्टवरून २०० मिलिअँपिअर घेतले, तरी तो इवलासा रेग्युलेटर १.४ वॅट उष्णता बाहेर टाकत असतो, आणि आपल्या पेटीच्या शेजारी तर ७० अंशांचे कपाट आहे.

बोर्डाच्या उपलब्धतेचा प्रश्न १२ नगांत जाणवत नाही, १५० नगांत जाणवतो आणि सात वर्षांनी दुरुस्तीच्या वेळी तर फारच जाणवतो. २०२३ मध्ये आलेला युनो आर ४ आकाराने त्याआधीच्या आर ३ सारखाच आहे, त्याच भोकांत बसतो, ५ व्होल्टवरच चालतो. पण त्यावरची चिप ३२ बिटांची वेगळीच आहे. आर ३ च्या पिनमधून २० मिलिअँपिअर घेणे शिफारशीत बसते, आर ४ ची मर्यादा ८ आहे. पिनवर थेट जोडलेले जे काही आर ३ वर वर्षानुवर्षे चालले, ते तिथे पिन खराब करू शकते, आणि एटीमेगाच्या रजिस्टरवर थेट लिहिणारी लायब्ररी तिथे चालणारच नाही. नकली बोर्डांची गोष्ट याहून अवघड आहे, कारण त्यांच्यात आतले भाग न सांगता बदलतात. २०१४ मध्ये एफटीडीआय या कंपनीच्या विंडोज ड्रायव्हरने आपल्या यूएसबी चिपच्या नकला ओळखून त्यांची ओळख-संख्या शून्य केली आणि असंख्य उपकरणे संगणकाला दिसेनाशी झाली. आपल्या उत्पादनात नकली चिप आहे, हे अनेकांना तेव्हा पहिल्यांदा समजले. बोर्ड तयारच घ्यायचा असेल, तर निर्मात्याकडून किंवा त्याच्या अधिकृत वितरकाकडून घ्यावा आणि प्रत्येक खेपेची नोंद ठेवावी. डीएस१८बी२० च्या नकलाही बाजारात भरपूर आहेत, तेव्हा तीच काळजी सेन्सरबाबत.

आता परवान्याचा प्रश्न. आर्डुइनोचा तयार बोर्ड आपल्या उत्पादनात बसवून विकण्याला काहीही आडकाठी नाही आणि त्यामुळे आपल्या उत्पादनाचा आराखडा खुला करावा लागत नाही. युनोचा खुला आराखडा घेऊन त्यात फेरफार करून आपला बोर्ड केला, तर मात्र तो आराखडा क्रिएटिव्ह कॉमन्सच्या त्याच अटींवर, मूळ कर्त्याचे श्रेय देऊन, खुला ठेवावा लागतो. चिपच्या माहितीपत्रकावरून स्वतः नव्याने काढलेल्या आराखड्याला ही अट नाही. आर्डुइनोची मूळ लायब्ररी एलजीपीएल या खुल्या सॉफ्टवेअरच्या परवान्याखाली आहे. तिच्यासह बनलेला प्रोग्रॅम विकताना आपला स्वतःचा मजकूर गुप्त ठेवता येतो, पण ग्राहकाला ती लायब्ररी बदलून पुन्हा जोडता यावी म्हणून आपल्या भागाच्या ऑब्जेक्ट फाइल (स्रोत न दाखवणाऱ्या, कंपायल झालेल्या फाइल) मागितल्यास देण्याची तयारी हवी. खरी गफलत होते ती इतरांच्या लायब्ररींत. एखादी छोटी लायब्ररी जीपीएल या अधिक कडक परवान्याची निघाली, तर तिच्याशी जोडलेला आपला सगळा प्रोग्रॅम ग्राहकाला खुला करून देण्याची अट लागू होते. म्हणून प्रोग्रॅममधल्या प्रत्येक लायब्ररीचे परवाना-पान उघडून वाचा आणि वहीत नोंदवा. ‘आर्डुइनो’ हे नाव नोंदणीकृत व्यापारचिन्ह आहे. आपल्या पेटीच्या नावात ते वापरू नका.

परवान्यापेक्षा मोठी जबाबदारी चाचणीची आहे. बोर्डावर सीई (युरोपातील नियमांना उतरल्याची खूण) किंवा तशी दुसरी खूण असली, तरी ती त्या बोर्डापुरती असते. पुरवठा, रिले, तारा आणि पेटी मिळून झालेले उत्पादन आपले असते आणि ते जिथे विकले जाईल तिथल्या नियमांना उतरवणे हे आपले काम असते. औद्योगिक जागेतील उपकरणांनी काय सोसावे, हे आयईसी (आंतरराष्ट्रीय विद्युत-मानक संस्था) हिच्या ६१०००-६-२ या मानकात दिले आहे. त्यात ६१०००-४-४ या क्रमांकाची जलद झटक्यांची चाचणी आहे. कॉन्टॅक्टर आणि रिले सुटताना तारांत जे घडते, त्याचीच ती प्रयोगशाळेतली प्रतिकृती आहे. पुरवठ्याच्या तारांवर २ किलोव्होल्टचे आणि संकेताच्या तारांवर १ किलोव्होल्टचे झटके देतात. आपला सध्याचा नियंत्रक त्या टेबलावर ठेवला, तर डिस्प्लेवर तीच विचित्र अक्षरे उमटतील असा माझा कयास आहे. प्रमाणपत्राची घाई नसली, तरी अशा प्रयोगशाळेत अर्धा दिवस घेऊन पूर्वतपासणी करा; जे वर्षभराच्या तक्रारींतून कळते, ते तिथे दुपारपर्यंत कळते.

आता पीएलसी की स्वतःचा पीसीबी? नग थोडे, प्रत्येक कपाट वेगळे आणि ग्राहकाच्या कारखान्यात पीएलसी जाणणारा तंत्रज्ञ हजर, अशी स्थिती असती तर मी डोळे मिटून पीएलसी सांगितला असता. आपल्याकडे १५० एकसारखे नग आहेत, काम एकच आहे आणि प्रोग्रॅम तयार आहे. म्हणून आपल्या जागी मी स्वतःचा पीसीबी करेन, आणि त्यावर हीच एटीमेगा चिप बसवेन. प्रोग्रॅम जवळजवळ तसाच चालेल. बदलेल ते भोवतालचे: २४ व्होल्ट घेणारा स्विचिंग पुरवठा, त्याच्या दाराशी फ्यूज आणि धक्का शोषणारा डायोड, उलट्या जोडणीपासून संरक्षण, रिलेच्या कॉइलवर डायोड, मुख्य विजेच्या आणि कमी व्होल्टेजच्या भागांत पीसीबीला खाच पाडून राखलेले अंतर, सुट्या जंपर तारांऐवजी स्क्रूची टर्मिनल. टोचून बसणाऱ्या त्या तारा कंपनाने आणि रोजच्या तापण्या-निवण्याने सैल होतात, आणि आपल्या पेटीत त्यांच्याइतकी कमजोर जागा दुसरी नाही. चिपला वेळेचा ठोका देण्यासाठी सिरॅमिक रेझोनेटरऐवजी क्रिस्टल द्या. युनो आर ३ वरच्या रेझोनेटरमध्ये अर्ध्या टक्क्यापर्यंत फरक असू शकतो, म्हणजे दिवसाला सात मिनिटे. तासांचा हिशेब ठेवणाऱ्या वाळवणीत तेवढा फरक दिसतो. यूएसबी आणि बूटलोडर (यूएसबीतून प्रोग्रॅम भरून घेणारा छोटा प्रोग्रॅम) दोन्ही वगळा, प्रोग्रॅम थेट सहा पिनांच्या जोडणीतून भरा आणि तो कुणाला वाचता येऊ नये म्हणून लॉक-बिट लावा.

खरेदीदाराला पहिली खेप लवकर हवी असेल, तर मधला एक मार्ग आहे. आर्डुइनोच्याच भाषेत प्रोग्रॅम करता येणारे, पण औद्योगिक पुरवठा, टर्मिनल आणि रिले यांसह येणारे नियंत्रक आता मिळतात. आर्डुइनोने स्वतः २०२२ मध्ये जाहीर केलेला ऑप्टा आणि त्याआधीपासूनचा कंट्रोलिनो ही त्यांतली नावे. त्यांवर सुरुवातीचे काही नग द्या आणि पीसीबी तयार झाल्यावर तिकडे वळा. मात्र ऑप्टाची चिप वेगळी असल्याने प्रोग्रॅमची पुन्हा चाचणी घ्यावी लागेल, आणि डीएस१८बी२० ऐवजी सेन्सरही बदलावा लागू शकतो, हे वेळापत्रकात धरा. तयार बोर्ड स्वतःच्या मोठ्या पीसीबीवर खोचण्याचा तिसरा पर्याय वायफायच्या बाबतीत मला मान्य आहे, कारण प्रमाणित रेडिओ मॉड्यूल वापरल्याने रेडिओच्या चाचण्यांचा बराच भार हलका होतो. साध्या तापमान नियंत्रकात त्याने फक्त एक सैल होणारी जोडणी वाढते.

प्रोग्रॅम जतन करण्याची शिस्तही १५० नगांच्या आधी लावून घ्या. विकलेल्या प्रत्येक आवृत्तीचा स्रोत, तिच्या सर्व लायब्ररी त्यांच्या नेमक्या आवृत्तींसह, कंपायलर आणि चिपमध्ये भरण्यासाठी तयार झालेली हेक्स फाइल हे सगळे एकत्र बांधून ठेवा. लायब्ररी आपोआप अद्ययावत होऊ देऊ नका. नियंत्रक सुरू होताना डिस्प्लेवर आवृत्तीचा क्रमांक दोन सेकंद दिसू द्या. तक्रार फोनवर आली, की पहिला प्रश्न तोच असतो.

त्या यंत्रनिर्मात्याला काय सांगायचे, हे आपण विचारलेले नाही, तरी सुचवतो. १५० नगांना लगेच होकार देऊ नका आणि नकारही देऊ नका. नव्या पीसीबीचे १० नग आधी देण्याचे, ते गणक एकदा फिरून जाईल इतके, म्हणजे निदान ६० दिवस, अखंड चालवून पाहण्याचे आणि पूर्वतपासणीचा अहवाल सोबत देण्याचे बोला. ते नग तयार झाले, की ज्यांनी पेटी उघडून शेरा मारला त्या अभियंत्यालाच बोलवा. कपाट ७० अंशांवर चालू असताना त्यांच्यासमोर आधी एका सेन्सरची तार काढा आणि हीटर सुटल्याचे दाखवा. मग तार परत जोडून मायक्रोकंट्रोलरचा कॉन्टॅक्टर मुद्दाम दाबून धरा, आणि तापमान चढत जाऊन थर्मोस्टॅटने दुसरा कॉन्टॅक्टर सोडेपर्यंत दोघांनी मिळून कपाटापाशी थांबा.